पडक्या वास्तूंचं माहेर

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावर द्विरिद नदी समुद्राला मिळते, तिथे एका टेकडीच्या उतारावर पोर्टमेरियन नावाचं गाव आहे. गुलाबी, गेरूच्या, पिवळ्या, निळसर हिरव्या रंगांची घरं, घंटाघर, घुमट, कमानी, खाली खाडीचं विस्तीर्ण पात्र आणि मागे दाट रान. पहिल्यांदा येणारा माणूस ‘हे तर इटली!’ म्हणतो आणि फोटो काढायला लागतो. या पुस्तकाच्या लेखिकेनं मात्र पिशवीतून वही आणि मोजपट्टी काढली, म्हणून हे पुस्तक झालं. वास्तुकलेच्या वर्गात ती माझ्याकडे शिकली. पुढे नोकरीनिमित्त मँचेस्टरला गेली आणि सुट्टी मिळाली की या गावात जाऊन घरं मोजत, रेखाटत राहिली. हे गाव मीही पाहिलं आहे आणि त्याच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. त्यामुळे तिनं प्रस्तावना मागितली तेव्हा मला खूप आनंद झाला.

पोर्टमेरियन म्हणजे एका हौशी श्रीमंताचं खेळण्यातलं गाव, असा समज सर्वदूर आहे. मला तो मुळीच मान्य नाही. हे गाव म्हणजे एका माणसानं पन्नास वर्षं चिकाटीनं मांडलेली बाजू आहे, आणि ती त्यानं मुख्यतः दगड, विटा आणि रंग वापरून मांडली. सुंदर किनाऱ्यावर बांधकाम केलं की किनारा बिघडलाच पाहिजे असं नाही, जागेचा स्वभाव ओळखून बांधलं तर तो आणखी खुलतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. गंमतजंमत, रंगीबेरंगीपणा, नाटकीपणा हे सगळं या गावात आहेच. पण लोकांनी यावं, रमावं आणि घरी परतल्यावर आपल्या गावातल्या कुरूप इमारतींकडे नव्यानं पाहावं, यासाठी ते मुद्दाम योजलेलं आहे.

हा माणूस म्हणजे सर क्लफ विल्यम्स-एलिस. त्यांचा जन्म १८८३ चा, इंग्लंडमधला, पण लहानपणीच कुटुंब वेल्सला परतलं. केंब्रिजचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं, लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये जेमतेम काही महिने काढले आणि थेट कामं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात ते वेल्श गार्ड्समध्ये आणि नंतर रणगाडा दलात होते. युद्ध संपलं, मोटारी वाढल्या, आणि ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना बंगले, पेट्रोल पंप आणि जाहिरातींच्या पाट्या यांच्या रांगा लागत गेल्या. गाव कुठे संपतं आणि शेतं कुठे सुरू होतात ते कळेनासं झालं. क्लफ यांना याचा मनस्वी संताप होता. त्या संतापातून १९२८ मध्ये त्यांनी ‘इंग्लंड अँड द ऑक्टोपस’ हे पुस्तक लिहिलं. ग्रामीण वेल्सच्या रक्षणासाठी संस्था निघाली तीही त्याच वर्षी, आणि तिच्या संस्थापकांत ते होते. पोर्टमेरियनचं घंटाघर उभं राहिलं तेही १९२८ मध्येच. नुसती टीका करून थांबणारे पुष्कळ असतात, नुसतं बांधत सुटणारे त्याहून जास्त. एकाच वर्षात लिहिणारा, माणसं जोडणारा आणि मनोरा उभारणारा माणूस विरळा. लेखिकेनं या एका वर्षावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि पुस्तकातलं तेच प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्या मनातल्या गावासाठी क्लफ बरीच वर्षं जागा शोधत होते. त्यासाठी बेटंसुद्धा पाहून झाली होती. मग १९२५ मध्ये आपल्याच घरापासून काही मैलांवर, खाडीच्या काठची ‘आबेर या’ नावाची मालमत्ता विकायला निघाल्याचं कळलं. घर जुनं, वाट रानानं अडवलेली, बाग हाताबाहेर गेलेली. तिथे पूर्वी राहणाऱ्या बाईंनी माणसांपेक्षा कुत्र्यांचीच सोबत पसंत केली होती. त्यांनी सुरू केलेली कुत्र्यांची दफनभूमी आजही त्या रानात आहे. क्लफ यांनी पाच हजार पौंडांच्या आत ही जागा घेतली. जुन्या नावात बर्फाचा गारठा होता, तो त्यांना नको होता. म्हणून बंदराचं ‘पोर्ट’ आणि जिल्ह्याच्या नावातलं ‘मेरियन’ जोडून नवं नाव ठेवलं.

पैसा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न होता. क्लफ खाऊनपिऊन सुखी घरातले होते, पण गाव वसवण्याइतकी संपत्ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी काठावरच्या जुन्या घराचं हॉटेल केलं आणि १९२६ च्या ईस्टरला ते उघडलं. उतारावरची घरं हॉटेलच्या खोल्या म्हणून भाड्यानं द्यायची, पाहायला येणाऱ्यांकडून प्रवेशमूल्य घ्यायचं आणि आलेला पैसा पुढच्या इमारतीत घालायचा, असं ते गणित. सौंदर्य हा पैशाचा अपव्यय नाही, ते स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून देणगीवर किंवा सरकारी मदतीवर उभं राहिलेलं पोर्टमेरियन त्यांच्या उपयोगाचंच नव्हतं. घंटाघरावरच्या शिलालेखात त्यांनी स्वतःची ओळख वास्तुकार आणि पबमालक अशी करून दिली आहे. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

त्या घंटाघराची हकिगत सांगण्यासारखी आहे. जवळच्या उंचवट्यावर बाराव्या शतकातल्या एका वेल्श किल्ल्याचे अवशेष होते. विजेच्या तारायंत्राच्या जनकांपैकी एक, सर विल्यम फोदरगिल कुक, एकोणिसाव्या शतकात इथे मालक होते. अवशेषांची कीर्ती पसरली तर बघ्यांची वर्दळ सुरू होईल, म्हणून त्यांनी ते जमीनदोस्त करून टाकले. त्याच किल्ल्याचे दगड क्लफ यांनी घंटाघरात बसवले आणि सगळी हकिगत त्यावर कोरून ठेवली. ज्या भीतीपोटी किल्ला पाडला, ती बघ्यांची वर्दळ आता त्याच दगडांसमोर उभी राहून तो लेख वाचते.

बांधकाम दोन टप्प्यांत झालं. पहिला टप्पा १९२५ ते १९३९, आणि मग युद्ध व युद्धानंतरचे बांधकामावरचे निर्बंध सरल्यावर दुसरा, १९५४ ते १९७६. दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा क्लफ सत्तरीत होते आणि शेवटची इमारत पुरी झाली तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे. आधीच्या काळातल्या घरांवर साध्या कलाकुसरीच्या घरबांधणीचे संस्कार दिसतात, नंतरच्या काळात अभिजात शैलीचे खांब आणि कमानी वाढल्या. हा फरक लेखिकेनं रेखाटनांतून फार नेमका दाखवला आहे.

पण पोर्टमेरियनचा जीव कशात आहे असं कुणी विचारलं तर मी त्याला टाऊन हॉलमध्ये नेईन आणि मान वर करायला सांगेन. वर पिंपाच्या आकाराचं गोलाई दिलेलं छत आहे आणि त्याच्या गिलाव्यात हर्क्युलिसच्या पराक्रमांचे प्रसंग उठावात कोरलेले आहेत. सतराव्या शतकातलं हे काम. ते मूळचं फ्लिंटशरमधल्या एमरल हॉल या हवेलीतलं. १९३६ मध्ये ती हवेली पाडायला काढली आणि तिच्या भागांचा लिलाव पुकारला. क्लफ तिथे पोचले. छताला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, कारण गिलाव्याचं अखंड छत विकत घेऊन न्यायचं कसं? त्यांना ते अवघ्या तेरा पौंडांत मिळालं. मग त्यांच्या लक्षात आलं की छत घेतलं तर त्याच्या मापाचं दालनही हवं. म्हणून त्याच हवेलीतल्या दगडी चौकटींच्या खिडक्या, जुन्या काचा, ओकच्या लाकडाचं काम असं सगळं त्यांनी एकामागून एक उचललं. छताचे तुकडे करून वेल्सच्या डोंगररस्त्यांनी आणले आणि त्यांच्या मापाची नवी इमारत बांधून त्यात पुन्हा जुळवले. छताची किंमत तेरा पौंड, पण ते सोडवणं, आणणं आणि पुन्हा बसवणं यांचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी. आज खाली उभं राहून निरखून पाहिलं तरी सांधे शोधावे लागतात.

पाडल्या जाणाऱ्या इमारतींना आसरा देणं हा मग त्यांचा ध्यासच झाला. ब्रिस्टलजवळच्या आर्नोस कोर्टमध्ये १७६० च्या सुमारास एका तांबे-व्यावसायिकानं आपल्या स्नानगृहापुढे दगडी खांबांची ओवरी बांधली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आणि नंतरच्या दुर्लक्षात ती खिळखिळी झाली. क्लफ यांनी तिचा एकेक दगड मोजून, क्रमांक घालून सोडवला आणि १९५९ मध्ये पोर्टमेरियनच्या चौकाकाठी ती पुन्हा उभी केली. पँथिऑन नावाच्या घुमटाची दर्शनी बाजू तर एका शेकोटीची आहे. नॉर्मन शॉ या नामवंत वास्तुकारानं चेशरमधल्या डॉपूल या प्रासादासाठी एक अवाढव्य शेकोटी घडवली होती. प्रासाद पाडला गेला तेव्हा तिचा लाल वालुकाश्माचा वरचा भाग क्लफ यांनी घेऊन ठेवला आणि कितीतरी वर्षांनी, १९६० च्या सुमारास, घुमटाच्या प्रवेशद्वारावर बसवला. शेकोटीच्या माथ्याखालून आत शिरताना ती मूळची कोण होती याचा पत्ताही लागत नाही. तिथे ती इतकी शोभते. घुमटावर तांब्याचा पत्रा चढवण्याइतके पैसे तेव्हा नव्हते, म्हणून सुरुवातीला प्लायवूडचा घुमट करून त्याला हिरवा रंग दिला. गावाच्या आकाशरेषेत घुमट उणा आहे, हे त्यांना सलत होतं, आणि पैसे साठेपर्यंत थांबायला वय उरलं नव्हतं.

हे वाचताना मराठी वाचकाला आपले वाडे आठवतील. पुण्या-नाशकातला वाडा पाडला जातो तेव्हा नक्षीचे खांब, कडीपाट, दिंडी दरवाजा सुटे होऊन जुन्या बाजारात जातात आणि मग एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला टांगलेले दिसतात. तो दरवाजा वाचतो, पण दरवाजा म्हणून वाचत नाही. क्लफ यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी ओवरीला पुन्हा ओवरी केलं, छताखाली पुन्हा माणसं बसवली. आपल्याकडे मणिपाळला विजयनाथ शेणॉय यांनी पाडायला निघालेली जुनी घरं आणून पुन्हा उभी केली, तो प्रयत्न या जातीचा आहे. असं काम कोकणात किंवा देशावर कुणी हाती घेतलं तर या पुस्तकाचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

आता डोळ्यांच्या खेळाबद्दल. पोर्टमेरियन फोटोत मोठं दिसतं, प्रत्यक्षात ते आटोपशीर आहे. क्लफ यांनी वरच्या मजल्यांच्या खिडक्या खालच्यांपेक्षा लहान केल्या, त्यामुळे इमारत आहे त्याहून उंच वाटते. काही खिडक्या तर भिंतीवर रंगवलेल्याच आहेत. ‘युनिकॉर्न’ या घराची दर्शनी बाजू एखाद्या सरदाराच्या महालासारखी आहे, आणि वळसा घालून मागे गेलं की साधं बैठं घर दिसतं. माझ्या व्यवसायातले काही लोक याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. इमारत रस्त्यावरून जाणाऱ्यांचंही काही देणं लागते आणि ते देणं महाग दगडात फेडता आलं नाही तर रंगात फेडावं, अशी त्यामागची प्रामाणिक भूमिका आहे. खरी करामत मात्र उताराची आहे. वेशीवरच्या इमारतीच्या कमानीखालून आत शिरलात की गाव एकदम दिसत नाही. वाट वळते, दोन भिंतींच्या फटीतून खाडीचा तुकडा दिसतो, पुन्हा झाकतो. पायऱ्या उतरलात की मघाशी डोक्यावर असलेलं घंटाघर आता एका छपरामागून डोकावतं. उतारावरच्या खडकाला शक्यतो हात न लावता घरं त्याच्या कडेकडेनं, त्याच्या अंगावर बसवली आहेत. लेखिकेनं या वाटेचे छेद काढले आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ते तासभर तरी पाहावेत.

रंगांबद्दल एक सांगितलं पाहिजे. हा प्रदेश पाटीच्या दगडाचा आहे. शेजारच्या फेस्तिनियोगच्या खाणींतून निघालेली ती करडी पाटी पोर्थमादोगच्या बंदरातून जगभर गेली, आणि आसपासच्या गावांची छपरं, भिंती, कुंपणंसुद्धा त्याच करड्या रंगाची. आकाशही बहुधा तसंच. त्या करड्यावर पोर्टमेरियनचे रंग पावसात फिके पडत नाहीत, उलट ओले झाले की गडद होतात. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा सौम्य असतो, म्हणून तिथे ताडाच्या जातीची झाडं तगतात आणि मागच्या ‘ग्विल्ट’ रानात ऱ्होडोडेंड्रॉन, मॅग्नोलिया, कॅमेलिया बहरतात. ओहोटीला खाडी पार रिकामी होते आणि मैलभर वाळू उघडी पडते. मात्र भरती झपाट्यानं येते, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी वाळूवर फार दूर जाऊ नये.

आक्षेपांकडे डोळेझाक करून चालणार नाही. गाव म्हणायचं तर गावकरी हवेत, आणि इथे शाळा नाही, पाणवठ्यावरचं भांडण नाही, पिढ्यान् पिढ्या राहिलेलं घराणं नाही. येणारा प्रत्येक जण एक तर पाहुणा किंवा नोकरीला आलेला. दुसरा आक्षेप वेल्श माणसांचा. गाव ज्या भागात आहे तो ग्विनेद वेल्श भाषा रोज बोलणाऱ्यांचा मुलूख, त्यात भूमध्य समुद्राकाठचं रूप कशाला? या दुसऱ्या आक्षेपात मला तथ्य वाटतं. क्लफ यांना वेल्सचा अभिमान होता, पण त्यांच्या गावात वेल्सची स्वतःची घरबांधणी फारशी दिसत नाही. पहिल्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे. लोकांच्या घरांचा प्रश्न पोर्टमेरियननं सुटेल असा दावा त्यांनी कधी केला नाही. तो प्रश्न त्यांनी निराळा हाताळला. १९४६ मध्ये स्टीव्हनेज या नव्या शहराच्या विकास महामंडळाचे पहिले अध्यक्ष तेच होते, आणि ब्रिटनमधली राष्ट्रीय उद्यानं कशी असावीत हे ठरवणाऱ्या समितीतही होते.

येऊन गेलेल्या थोरामोठ्यांची यादी लेखिकेनं दिली आहे, ती मी पुन्हा देत नाही. नोएल कॉवर्ड यांनी १९४१ मध्ये ‘ब्लाइथ स्पिरिट’ हे नाटक इथे राहून काही दिवसांत लिहिलं आणि १९५६ मध्ये वास्तुकार फ्रँक लॉइड राइट इथे येऊन गेले, एवढं पुरे. राइट यांच्या आईचं कुळ वेल्श होतं. सर्वसामान्य प्रेक्षकाला हे गाव ठाऊक झालं ते ‘द प्रिझनर’ या १९६७ च्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. पॅट्रिक मॅकगुहान यांनी रंगवलेला नायक नोकरी सोडतो आणि बेशुद्ध करून एका सुंदर गावात आणला जातो, जिथून सुटका नाही आणि जिथे माणसांना नावांऐवजी क्रमांक असतात. सतरा भागांच्या त्या मालिकेचे चाहते आजही या गावाची वाट धरतात. आनंदासाठी बांधलेल्या जागेत तुरुंग दाखवणं, यात या जागेच्या ताकदीची कबुलीच आहे. कुरूप गावात ती मालिका रुजलीच नसती.

आपल्याकडच्या वाचकाला चौकात आणखी एक गोष्ट थांबवेल. उंच खांबांवर सोनेरी रंगातल्या ब्रह्मदेशी नर्तकांच्या मूर्ती आहेत. आणि जवळच एका ओवरीत बुद्ध बसला आहे. ही मूर्ती कुठल्या देवळातून आणलेली नाही. १९५८ च्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या इन्ग्रिड बर्गमन यांच्या चित्रपटात चीन दाखवायचा होता, त्याचं चित्रण जवळच्या स्नोडोनियाच्या डोंगरांत झालं, आणि चित्रीकरण संपल्यावर सेटवरचा बुद्ध या गावात आला.

१९८१ मध्ये खाडीकाठचं मूळ हॉटेल आगीत जळून गेलं. सात वर्षांनी, १९८८ मध्ये, ते पुन्हा सुरू झालं. क्लफ तोवर राहिले नव्हते. १९७८ मध्ये ते गेले आणि त्यांच्या इच्छेनुसार, वीसेक वर्षांनी एका नववर्षाच्या पूर्वसंध्येला, त्यांची रक्षा अग्निबाणात भरून खाडीवर उडवण्यात आली. त्यांची कन्या सुसान यांनी पोर्टमेरियन पॉटरी नावारूपाला आणली. १९७२ चा ‘बोटॅनिक गार्डन’ हा त्यांचा फुलांचा नक्षीदार संच कितीतरी घरांत पोचला आहे, आणि तो हातात घेणाऱ्या बऱ्याच जणांना पोर्टमेरियन हे गाव आहे हेच माहीत नसतं. गावाची मालकी आता विश्वस्त संस्थेकडे आहे आणि तिथल्या इमारती संरक्षित आहेत.

लेखिकेशी माझा एकच मतभेद आहे आणि तो प्रकरणांच्या क्रमाचा. प्लास ब्रोंदानू, म्हणजे क्लफ यांचं वडिलोपार्जित घर आणि बाग, तिनं शेवटी ठेवलं आहे. मी ते पहिलं ठेवलं असतं. तरुणपणी वडिलांकडून हे घर मिळालं तेव्हापासून त्यांनी तिथे बाग आखायला घेतली. यू झाडांच्या कातरलेल्या कुंपणांमधून वाटा अशा काढल्या की प्रत्येक वाटेच्या टोकाशी एखादं डोंगरशिखर येऊन उभं राहतं. क्निख्टचं टोकदार शिखर तर बागेच्या मालकीचंच वाटतं. फाटकांना तोच निळसर हिरवा रंग आहे, जो पुढे पोर्टमेरियनभर पसरला. नजरेला कुठे थांबवायचं, कुठे सोडायचं हे क्लफ तिथेच शिकले. पोर्टमेरियनला गर्दी असते, ब्रोंदानूला सहसा नसते, आणि दोन्हींमध्ये अंतर काही मैलांचंच आहे. रेल्वेनं आलात तर मिनफोर्दला उतरा. एका दिवसात दोन्ही जागा होतात, मात्र सकाळी आधी ब्रोंदानू करा, आणि पुस्तक वाचतानाही तोच क्रम ठेवा.